देव्हाऱ्यातलं मॅगझिन

आमच्या इथल्या मराठी मंडळात नवीन माणूस भेटला की 'काय करता?' असं कोणी विचारत नाही, 'कुठल्या कंपनीत?' असं विचारतात. मी 'पोलिसांत' म्हटलं की समोरचा क्षणभर थांबतो आणि म्हणतो, 'अच्छा, पोलिसांच्या आयटीत का?' एकवीस वर्षं मी एकच उत्तर देत आले. नाही हो, शस्त्रपरवाना विभागात, लोकांच्या घरी जाऊन बंदुका तपासते. मग त्यांची नजर माझ्या चष्म्यावरून साडीवर जाते, साडीवरून पायातल्या बुटांवर जाते आणि ते बटाटेवड्यांबद्दल बोलायला लागतात.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. मंडळाच्या अंकाच्या संपादकांचा फोन आला की वैशालीताई, आता लिहा, पण जरा हलकंफुलकं लिहा. बंदुकीवर हलकंफुलकं कसं लिहायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. तेव्हा जसं जमेल तसं लिहिते.

नवऱ्याच्या, म्हणजे सुहासच्या, नोकरीपायी मी पुण्याहून आर्नहेमच्या बाजूला आले तेव्हा जवळ बीकॉमची डिग्री होती आणि डच शून्य. खेमेन्ते म्हणजे इथली नगरपालिका, तिच्या भाषावर्गात दोन हिवाळे घासले. मग पोलिसांच्या इमारतीत जुने कागदी परवाने कॉम्प्युटरवर चढवायचं तात्पुरतं काम मिळालं. सहा महिन्यांचं काम होतं. मला अक्षर लावता येतं आणि एका ओळीत दोन चुका दिसल्या की माझं डोकं फिरतं, हे वरच्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मला ठेवून घेतलं, पुढे टेलिफोनवर बसवलं, मग परीक्षा द्यायला लावली आणि शेवटी घरतपासणीला धाडलं. शपथ घेताना मी सर्वांत बुटकी होते. फोटोत फक्त माझा भांग दिसतो.

बाहेरच्या माणसाला आधी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे परवाना मागायचा तर जिवाला धोका आहे असं पटवून द्यावं लागतं. इथे नेमकं उलटं. 'स्वसंरक्षणासाठी हवी' असं तोंडातून निघालं की अर्ज तिथेच मेला. बंदूक मिळते ती शिकाऱ्याला, जुन्या हत्यारांच्या संग्राहकाला आणि खेळाडूला. खेळाडूने आधी नेमबाजीच्या क्लबात वर्षभर काढायचं, ठरल्याइतक्या वेळा जाऊन नेम धरायचा, हजेरीच्या वहीवर शिक्के घ्यायचे, मग अर्ज. पुढे दरवर्षी नूतनीकरण. बंदूक भिंतीला बोल्टने आवळलेल्या तिजोरीत, गोळ्या वेगळ्या कुलपात, आणि किल्ली कुठे आहे ते परवानाधारकाखेरीज कोणालाही ठाऊक नको. बायकोलासुद्धा नको.

या शेवटच्या अटीवर मी जितके संसार हादरलेले पाहिले तितके दुसऱ्या कशावर नाही. आम्ही न सांगता जायचो. बेल वाजवायची, ओळखपत्र दाखवायचं. एकदा एका शिकाऱ्याच्या घरी गेलो तर तो बाहेर गेलेला. त्याची बायको इतकी प्रेमळ, म्हणाली, या ना, थंडीत कशाला उभे राहता, किल्ली मला माहितीये. आणि गेली की हो स्वयंपाकघरात, बिस्किटांच्या डब्यातून किल्ली काढून आणली. मी जिथून आले तिथे तिजोरीची किल्ली बायकोच्याच कमरेला असायची आणि त्यात तिचा मान असायचा. इथे त्या बिस्किटाच्या डब्यापायी नवऱ्याचा परवाना गेला. बाईंनी आम्हाला कॉफीबरोबर त्याच डब्यातलं बिस्किट दिलं होतं, ते मी तसंच बशीत ठेवून आले.

नंतर काही वर्षांपूर्वी मॅगझिनचा नियम आला. मॅगझिन म्हणजे गोळ्या भरायचा धातूचा डबा. तो बंदुकीच्या मुठीत किंवा पोटाखाली बसतो, आत स्प्रिंग असते, ती एकेक गोळी वर ढकलते. डबा जितका लांब तितक्या जास्त गोळ्या न थांबता सुटतात. युरोपभर ठरलं की आपोआप पुढची गोळी भरणाऱ्या बंदुकांना मर्यादा हवी, पिस्तुलाच्या डब्यात वीस आणि लांब बंदुकीच्या डब्यात दहा. त्याहून मोठा डबा परवान्यावर खास नोंद नसताना जवळ सापडला, तर आत एकही गोळी नसली तरी परवाना जातो आणि वर खटलाही होऊ शकतो. कायदा ब्रुसेल्सला ठरला, हेगला डचमध्ये उतरला आणि एका सोमवारी सकाळी माझ्या टेबलावरचा फोन होऊन वाजायला लागला.

लोक भांडायचे ते रिकाम्या डब्यावरून. बंदूक धोक्याची हे सगळ्यांना मान्य होतं, पण पत्र्याच्या डब्याने कोणाचं काय बिघडवलंय? एक निवृत्त शाळामास्तर तर म्हणाले, माझा डबा लांब दिसतो, पण त्यात दहाच जातात, स्प्रिंग जुनी आहे. त्यांच्या घरी गेलो. त्यांनी आमच्यासमोर नकली काडतुसं एकेक करून भरली, दहावं भरलं आणि हात झटकले, बघा, आता बोट शिरत नाही. मी म्हटलं, मी बघू का? अकरावं गेलं, बारावं गेलं, तेरावं जरा कुरकुरत गेलं. कित्येक दिवाळ्या चकलीचा सोऱ्या दाबलेला अंगठा आहे माझा. मास्तर माझ्या हाताकडे बघतच राहिले. माझ्याबरोबर यायचा तो योहान, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, मीच त्याला तयार केला. तो परत येताना गाडीत इतका हसला की त्याला रस्त्याच्या कडेला थांबावं लागलं. ऑफिसात त्यानंतर कुठल्याही डब्यावर शंका आली की म्हणायचे, वैशालीला पाठवा.

मला हे काम आवडायचं. उगाच नम्रपणा कशाला करू? मला नियम आवडतात, आणि नियम मोडणाऱ्याशी आवाज न चढवता बोलायला आवडतं. माझ्या हाताखालून हजारो फायली गेल्या आणि एकीतही 'ओळखीचा आहे' म्हणून पान उलटलेलं नाही. ओळखीचे होतेही. त्यातला एक अभिजित. त्याच्याचसाठी खरं तर हे लिहायला बसले आहे.

अभिजित मूळचा कराडचा, आर्नहेमच्या एका वीजकंपनीत इंजिनिअर. कॉलेजात एनसीसीत असताना नेमबाजी लागली ती सुटली नाही. इथे आल्यावर क्लबात गेला, वर्षभर शिक्के जमवले, आधी पिस्तूल घेतलं आणि पुढे स्पर्धेची रायफल. मंडळात तो मला ताई म्हणायचा, मी त्याला अरेतुरे करायची. त्याची फायल आमच्या विभागात आली त्याच दिवशी मी लेखी कळवलं की हा माणूस माझ्या ओळखीचा आहे, ही फायल माझ्याकडे नको. ती कायम दुसऱ्याकडे राहिली. त्याच्या घराची तपासणी मी कधीच केली नाही. जेवायला मात्र पुष्कळदा गेले.

मॅगझिनचा नियम आल्यानंतर एका वर्षी खंडेनवमी रविवारी आली. अभिजितची बायको मृणाल, तिने पाच-सहा घरांना जेवायला बोलावलं. खंडेनवमीचं मला वेगळं कौतुक आहे. माझे वडील खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते आणि त्या एका दिवशी आम्हा पोरांना आत सोडायचे. लेथला झेंडूच्या माळा, तेलकट फरशीवर रांगोळी. अभिजितकडेही तसंच काहीतरी मांडलेलं. बैठकीच्या खोलीत देव्हारा, समोर पाट, पाटावर त्याचा लॅपटॉप, मृणालचा स्टेथोस्कोप, सुऱ्या, पान्हे, गाडीची किल्ली. त्यांच्या मुलीने, ईराने, आपली सायकलसुद्धा घरात आणून उभी केली होती आणि हँडलला माळ घातली होती. ती डचमध्ये मला सांगत होती की आज हिला चालवायचं नाही, हिला सुट्टी आहे. दसऱ्यापर्यंत पूजेतली वस्तू हलवायची नाही, हे पोरीला नीट ठाऊक होतं. मला फार बरं वाटलं.

हळदकुंकू वाहायला मी वाकले, आणि पान्ह्यांच्या मागे, देवीच्या टाकाला टेकवून ठेवलेलं ते दिसलं. काळं, किंचित वाकडं, वीतभर लांब. त्यावर कुंकवाचे थरावर थर, म्हणजे या एका वर्षाचे नव्हेत. मॅगझिनच्या पाठीला किती गोळ्या भरल्या ते दिसावं म्हणून भोकं असतात, शेजारी बारीक आकडे. सर्वांत खालच्या भोकाशी तीस लिहिलेलं होतं.

माझी बोटं कुंकवात होती ती तशीच राहिली. मागून कोणीतरी म्हणालं, ताई, आरतीला थांबलोय. मी हळदकुंकू वाहिलं, आरती म्हटली, टाळ्या वाजवल्या. त्या पाच मिनिटांत काय म्हणत होते ते मला आजही आठवत नाही. मी डोक्यात हिशेब करत होते की याच्या परवान्यावर खास नोंद असेल का. नोंद असलेला माणूस असली वस्तू तिजोरीत ठेवतो, देव्हाऱ्यात नाही. उत्तर मला माहीत होतं.

आणखीही एक गोष्ट माहीत होती. दोन महिन्यांपूर्वी अभिजितने आणि मृणालने डच नागरिकत्वाचा अर्ज केला होता. पेढे मी खाल्ले होते. शस्त्राच्या कायद्याखाली खटला उभा राहिला तर त्याचा तो अर्ज पुढे कित्येक वर्षं विसरायचा.

नैवेद्य दाखवून झाल्यावर मी अभिजितला मागच्या अंगणात बोलावलं. सायकली ठेवायची खोली असते तिच्या आडोशाला. मी विचारलं, देवीजवळ काय ठेवलंयस? तो सहज म्हणाला, ताई, रिकामा डबा आहे तो. बंदुका दोन्ही तिजोरीत आहेत, कुलूपबंद. पूजेला बंदूक बाहेर काढायची नाही एवढं कळतं मला, म्हणून हा प्रतीक म्हणून ठेवतो.

'तीसचा आहे,' मी म्हटलं.

मग तो बोलला ते सगळं खरं होतं, हे तो बोलत असतानाच मला कळत होतं. नियम आला तेव्हा त्याच्याकडे असे तीन डबे होते. दोन त्याने लगेच दुकानदारामार्फत जमा केले, पावत्या होत्या. तिसरा पूजेतला. रायफल घेतली त्या वर्षीपासून दर नवमीला कुंकू लागलेला. 'पूजेची वस्तू, ताई. भंगाराच्या पिंपात टाकायला हात धजला नाही,' तो म्हणाला. 'म्हटलं गावी जाऊ तेव्हा कृष्णेत सोडू. मग लक्षात आलं, विमानात नेणार कशी? इथल्या कालव्यात टाकावी म्हटलं, तर दोरीला लोहचुंबक बांधून गळ टाकणारी पोरं शनिवारी वर काढतील. मग राहिलीच.' 

मी डोक्याला हात लावला. इतकी वर्षं मी लोकांच्या सबबी ऐकल्या, पण विसर्जन करायला जागा मिळाली नाही ही सबब कोणी दिली नव्हती. आणि गंमत अशी की त्या अख्ख्या विभागात ही सबब खरी आहे हे समजणारी मी एकटीच होते. दुसऱ्या कोणालाही वाटलं असतं, माणूस बनवतोय.

मला राग आला होता. त्याचा आला, माझाही आला. मी जरा उशिरा आले असते, चष्मा घरी विसरला असता, दुसऱ्या कोणीतरी आधी आरती उरकली असती, तर काही दिसलं नसतं. हे सगळं मनात येऊन गेलं, लपवत नाही. पण दिसलं होतं. न दिसल्यासारखं केलं असतं तर त्या बिस्किटवाल्या बाईंच्या नवऱ्याचा परवाना मी कुठल्या तोंडाने घेतला होता?

मी त्याला सांगितलं, 'उद्या सकाळी आठला आमचा फोन सुरू होतो. तू स्वतः फोन करायचा आणि हेच सगळं सांगायचं. डबा घेऊन स्टेशनात येऊ नकोस, रस्त्यात तो जवळ असणं हाही गुन्हाच. आमची माणसं घरी येतील. आणि मी आठलाच माझ्या वरिष्ठांकडे जाणार आहे. तू फोन केलास तरी जाणार, नाही केलास तरी जाणार.'

त्याने कडेला टेकवलेल्या सायकलचा टायर दाबून पाहिला. मग म्हणाला, 'नागरिकत्वाचं काय होईल?'

'मला माहीत नाही,' मी म्हटलं. आणि खरोखरच माहीत नव्हतं. स्वतःहून कळवलेल्या माणसाकडे सरकारी वकील वेगळ्या नजरेने पाहतात एवढं ठाऊक होतं, पण तसं वचन देण्याचा अधिकार मला नव्हता, म्हणून दिलं नाही.

डबा तेवढ्यापुरता तरी तिजोरीत जायला हवा होता. तर हा गृहस्थ म्हणतो, ताई, पूजेतली वस्तू आज कशी उठवायची, दसरा उद्या आहे. म्हणजे बघा. डोक्यावर खटल्याची तलवार लटकतेय आणि याला मुहूर्ताची काळजी. मग मीच त्याला आत नेलं, डब्यावर अक्षता टाकल्या, मनातल्या मनात देवीची क्षमा मागितली. उत्तरपूजेला शेवटी 'पुनरागमनाय च' म्हणतात, म्हणजे पुन्हा या. ते मी मुद्दाम गिळलं. तीस गोळ्यांच्या डब्याला पुन्हा ये कोण म्हणणार? अभिजितने तो उचलला, वर नेऊन तिजोरीत ठेवला, मी दारात उभी राहून कुलूप लागलेलं पाहिलं.

खाली आलो तेव्हा मृणालला सगळं कळलं होतं, त्याच्या चेहऱ्यावरून. जेवणं झाल्यावर, निघताना तिने माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, काही चुकवलं नाही. मग हळू आवाजात म्हणाली, 'ताई, तुम्ही आमच्या घरी जेवायला आला होतात.' जेवले होते, पुरणाची दुसरी पोळी मागून घेतली होती.

सोमवारी आठ वाजता मी आमच्या प्रमुख मारायके बाईंच्या खोलीत उभी होते. काचेपलीकडे योहान फोनवर बसलेला. आठ वाजून तीन मिनिटांनी त्याने फोन उचलला आणि लिहून घेऊ लागला, आणि लिहिता लिहिता काचेतून माझ्याकडे बघितलं. मी मारायके बाईंना पहिल्यापासून सगळं सांगितलं. मी त्याला रात्रभराचा वेळ दिला हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या की तू तिथूनच आम्हाला कळवायला हवं होतंस. रात्रीत घर फुटलं असतं तर? त्यांचं बरोबर होतं. माझ्या फायलीत लेखी समज आली. एकवीस वर्षांत तेवढीच एक. ती मी सही करून घेतली आणि तिची प्रत घरी जपून ठेवली आहे. सुहास म्हणतो, लोक मानपत्रं ठेवतात.

दुपारी योहान आणि दुसरा एक अधिकारी जाऊन डबा घेऊन आले, प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद. योहानने पिशवी माझ्या टेबलावर न ठेवता लांबूनच दाखवली आणि विचारलं की हे लाल काय आहे, गंजरोधक आहे का, आणि हे हाताला लागलं तर चालेल ना. मग मला एक पानभर टिपण लिहावं लागलं. त्यात डचमध्ये लिहिलं की हा पदार्थ हळद आणि चुन्यापासून होतो, तो शस्त्र वापरासाठी सज्ज असल्याची खूण नाही, त्या दिवशी त्या घरात लॅपटॉपला आणि मुलीच्या सायकलीलाही तोच लावला होता. पूजेत ठेवलेल्या वस्तूला त्या दिवशी विश्रांती असते, हेही लिहिलं. शस्त्रांच्या सरकारी फायलीत कुंकवावरचं असं टिपण पहिलंच असावं. त्याचा मला अभिमान आहे. निर्णयात मात्र माझा हात नव्हता, आणि नसायलाच हवा होता.

निर्णय सहा आठवड्यांनी आला. परवाना रद्द, दोन्ही बंदुका जमा. परवानाधारकाने स्वतः कळवलं आणि आधीचे दोन डबे वेळेत दिले होते हे लक्षात घेऊन खटला नाही. नागरिकत्व लांबलं. जास्तीचे कागद मागितले गेले, पुन्हा मुलाखत झाली. पण मिळालं. शपथविधीचा फोटो मी इतरांच्या फोनवर पाहिला, मला कोणी पाठवला नव्हता.

त्यानंतरची वर्षं मंडळात माझी जरा अवघड गेली. माझ्या तोंडावर कोणी काही बोललं नाही. पण मी जेवायला गेले की कोणीतरी हसत हसत यजमानांना सांगायचं, आधी सुऱ्या मोजून घ्या. दिवाळीच्या फराळाला दोन घरांनी बोलावणं बंद केलं. एकीने तर मला विचारलं की ताई, तुम्हाला डच लोक जवळचे की आपले? मी म्हटलं, मला दोन्हीकडची पोरं जवळची, ज्यांच्या शाळेत कोणी तीस गोळ्या घेऊन शिरू नये ती. ते बोलणं मी जरा जास्तच कडक बोलले. अभिजित कुठे शिरणार होता? त्याने उभ्या आयुष्यात कागदाच्या गोलाखेरीज कशावर नेम धरला नव्हता. दर गुरुवारी संध्याकाळी तो क्लबात जायचा तो बंद झाला, त्याची पदकं खोक्यात गेली, हे कानावर यायचं. चुकलं का माझं, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. नाही चुकलं. पण वाईट वाटायचं थांबलं नाही. तो समोर आला की नमस्कार करायचा, नीट, मान लववून. ताई म्हणायचा नाही.

मग मी निवृत्त झाले. निरोपाला योहानने मला चकलीचा सोऱ्या भेट दिला, कुठून मिळवला देव जाणे. त्याला माझ्याच जागेवर बसवलं होतं.

गेल्या महिन्यात मी स्वयंपाकघरात भाजणी चाळत असताना ऑफिसच्या नंबरावरून फोन आला. योहानच, पण आवाज कोरा. मला अहोजाहो करून माझं पूर्ण नाव, जन्मतारीख विचारली. मी मुकाट उत्तरं दिली, कारण हे त्याला मीच शिकवलं होतं. परवान्याच्या अर्जात तीन माणसांची नावं द्यावी लागतात, अर्जदाराला चांगली ओळखणारी, त्याच्याबद्दल खरं सांगतील अशी. आम्ही त्यांना फोन करायचो. ओळखीचा आवाज असला तरी अनोळखी असल्यासारखंच विचारायचं, हा माझा दंडक. नोकरीत असताना कोणाला असं माझं नाव देता येत नव्हतं. आता येत होतं, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

योहान म्हणाला की अमुक अर्जदाराने पहिलं नाव तुमचं दिलं आहे. अभिजित. पुन्हा क्लबात जाऊन, पुन्हा वर्षभराचे शिक्के घेऊन, पहिल्या पायरीपासून. मी चाळणी खाली ठेवली.

'तुमची ओळख कशी, या रकान्यात त्यांनी लिहिलंय ते वाचतो,' योहान म्हणाला. 'मी नियम मोडला तेव्हा यांनी पाहिलं आणि यांनीच कळवलं. माझ्याबद्दल खोटं बोलणार नाही असं दुसरं माणूस मला माहीत नाही. हे बरोबर आहे का?'

मी पिठाचे हात फडक्याला पुसले. योहानने घाई केली नाही, तेही मीच शिकवलेलं. शेवटी मी म्हटलं, हो, बरोबर आहे.

मग त्याने शेवटचा प्रश्न विचारला, जो मी एकवीस वर्षं दुसऱ्यांना विचारला. या माणसाच्या घरी शस्त्र असण्याबद्दल तुम्हाला काही काळजी वाटते का?

'नाही,' मी म्हटलं.

'कारण?'

'त्या रात्रीत त्याला डबा लपवता आला असता. त्याने लपवला नाही.'

पलीकडे टायपिंगचा आवाज आला, मग योहानने रीतसर आभार मानले आणि फोन ठेवला. मी तिथेच स्टुलावर बसून रडले, चांगली हुंदके देऊन. सुहास धावत आला, काय झालं, कोणाचा फोन होता, विचारत राहिला. मी पदराला डोळे पुसले आणि त्याला म्हटलं, मृणालचा नंबर आहे का रे तुझ्याकडे? या नवमीला त्यांना जेवायला बोलवायचंय.